ठाण्यातली ‘राजीखुशी’

धरमपेठ, नागपूर.

साहेबापुढे गरीब माणूस गप्प बसला म्हणजे तो राजी झाला, हा न्याय सावकाराच्या ओट्यावर आमच्या शेतकरी बंधूंनी पिढ्यानपिढ्या सोसला आहे. कोऱ्या कागदावर अंगठा उठला, की झाली राजीखुशी! परंतु हाच न्याय देशाच्या सर्वोच्च कोर्टाने लावावा, याला काय म्हणावे?

26 मार्च 1972 च्या रात्री देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात काय घडले, ते वाचकांनी घरातील बायामाणसांना वाचून दाखवावे. देसाईगंज तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होते, आता गडचिरोलीत आहे. एक पोरकी आदिवासी मुलगी, मोलमजुरी करून पोट भरणारी. वय डॉक्टरांच्या मते चौदा ते सोळा. तिला कोणी पळवून नेले अशी भावाने फिर्याद दिली, म्हणून तिला जबाबासाठी ठाण्यात आणले. साडेदहाच्या सुमारास बाकीच्यांना जा म्हणून सांगितले व तिला मात्र थांबवून घेतले. दिवे मालवले, दार लागले. तिची माणसे बाहेर ताटकळत उभी! ती बाहेर आली ती शिपायाने अब्रू घेतल्याचे सांगतच. जमलेले लोक खवळले, तेव्हा कोठे तिची फिर्याद कागदावर चढली.

1974 साली सेशन्स कोर्टाने तिलाच खोटारडी ठरवून दोन्ही पोलिसांस सोडले. 1976 साली आमच्या धरमपेठेजवळच्या हायकोर्टाने, म्हणजे नागपूर खंडपीठाने, तो निकाल फिरविला. भीतीने अंग सोडून देणे निराळे व मनाने राजी असणे निराळे, असे म्हणून एकास पाच वर्षे व दुसऱ्यास एक वर्ष सजा दिली. नागपुरास जे कळले ते दिल्लीस कळले नाही! सप्टेंबर 1978 मध्ये सर्वोच्च कोर्टाने दोघांनाही मोकळे केले. का, तर मुलीच्या अंगावर जखमा नव्हत्या. कसायाच्या दारी बांधलेली गाय हंबरली नाही, म्हणून ती खुशीने आली होती असे कोणी शेतकरी म्हणेल काय?

आणखी एक गोष्ट पाहा. त्याच कोर्टाने त्याच वर्षी एप्रिलात ओरिसाच्या माजी मुख्यमंत्री नंदिनी सत्पथी यांच्या खटल्यात सांगितले होते, की जबाबासाठी स्त्रीला ठाण्यात बोलावणे बेकायदेशीर आहे. मुख्यमंत्रीणबाईंना दिवसाढवळ्या बोलावणे गैर. मजुराच्या पोरीला रात्री दार लावून ठेवले, त्यावर अवाक्षर नाही! 1979 साली उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, लोतिका सरकार व रघुनाथ केळकर या चौघांनी सरन्यायाधीशांस उघडे पत्र लिहून हेच विचारले. पुढे देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या व 1983 साली कायदा बदलला. ताब्यातील स्त्रीवर पोलिसाने बलात्कार केल्यास किमान दहा वर्षे सजा. आणि संबंध शाबीत झाल्यावर ती ‘मी राजी नव्हते’ म्हणाली, तर कोर्टाने तसेच गृहीत धरावे. ज्या पोरीमुळे हे झाले तिच्या पदरात काय पडले, हे विचारण्याची सोय नाही.

आता नव्या फौजदारी संहितेकडे वळू. ती 1 जुलै 2024 पासून लागू आहे. तिच्या कलम 179 प्रमाणे साक्षीदार स्त्रीला जबाबासाठी तिच्या राहत्या घराखेरीज कोठेही यावयास भाग पाडता येत नाही. कलम उत्तम. परंतु खाली नवे शेपूट जोडले आहे, की ती आपखुशीने ठाण्यात येऊ इच्छीत असेल तर तिला येऊ द्यावे. पाटलाच्या मार्फत निरोप धाडून आणलेली विधवा आपखुशीने आली की नाही, हे लिहिणार कोण? तोच ठाणेदार! देसाईगंजची राजीखुशी पुन्हा कागदावर येण्यास एवढी फट पुरे आहे. सरकारने हे शेपूट छाटावे. तोवर घरी निरोप आला, तर बाईमाणसाने ‘जबाब माझ्या घरी घ्या’ असे लिहून द्यावे व त्या कागदाची नक्कल पोच घेऊन आपल्यापाशी ठेवावी.