रिकाम्या हातांचा प्रश्न

वृद्धाश्रमातील दुपार बहुधा सारखीच असते. जेवणे उरकलेली असतात, दूरदर्शन संच चालू असतो आणि त्यासमोर खुर्च्यांची रांग असते. त्या रांगेत स्मृतिभ्रंश झालेली एखादी वृद्धा पदराचे टोक दुमडते, उलगडते, पुन्हा दुमडते. भोवतालचे लोक याला चाळा म्हणतात. वास्तविक ते हात काम मागत असतात.

भारतात साठी ओलांडलेल्यांपैकी सुमारे ७.४ टक्के, म्हणजे जवळजवळ ८८ लाख माणसे या विकाराने ग्रस्त असल्याचा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी अभ्यासात वर्तविण्यात आला. विकार समूळ बरा करणारे औषध नाही. आजवर हा भार प्रामुख्याने घरातील स्त्रियांनी वाहिला. कुटुंबे लहान होत गेली, तसा तो संस्थांकडे वळू लागला आहे. संस्था स्नान, भोजन व औषध सांभाळते. उरलेल्या तासांचे काय?

त्या रिकाम्या तासांचे मोल रुग्णालाच मोजावे लागते. बेचैन रुग्ण येरझारा घालतो, ओरडतो. मग त्याला औषधाने शांत केले जाते. ब्रिटनमध्ये वर्षाला सुमारे १ लाख ८० हजार स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांना मनोविकारावरील औषधे दिली जातात व त्यापायी सुमारे १,८०० अधिक मृत्यू ओढवतात, असा अंदाज तेथील शासनासाठी तयार झालेल्या २००९ च्या अहवालात होता.

स्मृती एकाच वेळी सर्वस्वी लोपत नाही. सकाळी काय खाल्ले हे विसरणाऱ्याच्या हातांना जन्माची सवय पुष्कळदा आठवत असते. याच तत्त्वावर अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कॅमेरॉन कॅम्प यांनी १९९० च्या दशकात माँटेसरी पद्धतीतील हस्तोद्योग या रुग्णांसाठी योजले. ब्रिटनमध्ये सात आठवड्यांत चौदा गटबैठका घेण्याचा प्रयोग २०१ रुग्णांवर झाला. त्यांची आकलनशक्ती व जीवनमान दोन्ही सुधारल्याचे २००३ साली दिसून आले.

अशा उपक्रमांसाठी मनुष्यबळ कोठून आणावे, हा आक्षेप गैर नाही. मात्र वाती वळणे, शेंगा सोलणे, धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालणे यांस महागडी साधने लागत नाहीत. लागतो तो शेजारी बसणारा, त्या माणसाचे पूर्वायुष्य जाणणारा सोबती. सरसकट सर्वांच्या हाती टाळ देणे हा उपक्रम नव्हे. जन्मभर हिशेब लिहिलेल्या कारकुनाला वहीच जवळची वाटेल. आणि प्रौढाला बालवर्गात बसविल्यासारखे वागविणे हा तर त्याचा अपमानच होय.

ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहासंबंधीच्या २००७ च्या कायद्यात निराधारांसाठी जिल्हावार वृद्धाश्रमांची तरतूद आहे. तेथील सेवांचे मानक ठरविताना कायदा वैद्यकीय देखभाल आणि करमणुकीची साधने यांचा उल्लेख करतो. दोष नेमका याच विभागणीत आहे. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला हाताला काम देणे हा शुश्रूषेचाच भाग आहे. राज्याने नियमांत त्याला शुश्रूषेचे स्थान द्यावे, कर्मचाऱ्यांना त्याचे शिक्षण द्यावे आणि तपासणीस जाणाऱ्या अधिकाऱ्याने स्वयंपाकघराबरोबर दुपारची ती रांगही पाहावी. दूरदर्शन संच दाखवून करमणुकीचा रकाना भरता येतो. पदराशी चाळा करणाऱ्या हातांचा प्रश्न मात्र तसाच राहतो.