प्रशिक्षणाचा पैसा साथीत कामी यावा



वार्षिक सभेच्या कागदांत ‘कामगार प्रशिक्षण’ अशी एक ओळ असते. तिच्यावर कुणी प्रश्न विचारीत नाही. उसाचा दर, काटा आणि तोडणीची पाळी यांतच सभा सरते. आज आम्हांला त्या ओळीविषयीच बोलायचे आहे.

एप्रिल २०२१ आठवा. नागपुरात खाट मिळत नव्हती. रुग्णाला गाडीत घालून लोक धरमपेठ, रामदासपेठ, धंतोली असे दारोदार फिरले. आम्हीही तेव्हा धरमपेठेत नातेवाइकाकडे मुक्काम ठोकून होतो. २३ एप्रिलला विशाखापट्टणमहून प्राणवायूचे टँकर घेऊन रेल्वे नागपुरात आली, तेव्हा जिवात जीव आला. पण नुसत्या टँकरने भागत नाही. सिलिंडर बदलायला, नळी तपासायला, रुग्णाला कुशीवर वळवायला शिकलेला माणूस लागतो. तोच कमी पडत होता.

सरकारच्या हे ध्यानात आले. कौशल्य विकास योजनेतून २७६ कोटी रुपये काढून एक लाख लोकांना रुग्णसेवेची कामे शिकवायचा कार्यक्रम सुरू झाला. शिकवणुकीचा पैसा वेळ पाहून वळविला, हे चांगलेच झाले. पण तारीख होती १८ जून २०२१. शिकायला दोन-तीन महिने लागणार, आणि दुसरी लाट तर तोवर ओसरू लागली होती. तहान लागल्यावर विहीर खणली, असेच म्हणावे लागेल.

याच्या उलट दाखला बांधकाम कामगारांचा. त्यांच्यासाठी उपकरातून जमलेला निधी आधीच होता. २४ मार्च २०२० रोजी केंद्राने तो वापरण्याची सूचना राज्यांना केली आणि एप्रिलमध्येच महाराष्ट्राने नोंदणी झालेल्यांना दोन-दोन हजार रुपये देण्याचे ठरविले. ज्याचे नाव वहीत नव्हते, तो मात्र कोरडाच राहिला.

आपल्या ऊसतोड मजुरांचे काय झाले? टाळेबंदीत राज्यभर लाखाच्या वर माणसे कोप्यांत अडकली. १७ एप्रिल २०२० रोजी परतीची परवानगी मिळाली. ना त्यांचा निधी उभा होता, ना धड नोंदणी. पुढे त्यांच्या महामंडळासाठी टनामागे १० रुपये कारखान्याने आणि तेवढेच शासनाने द्यायचे ठरले. उशिरा का होईना, वाट सापडली.

कुणी म्हणेल, पैसा प्रशिक्षणाचा, तो दुसरीकडे का न्यायचा? एकदा सवलत दिली की खोल्या रंगवायलाही साथीचेच नाव सांगतील! ही भीती खोटी नाही. म्हणूनच आमचे म्हणणे असे की सवलत मोकळी सोडू नये, पण ती आधीच ठरवून ठेवावी. साथ जाहीर झाली तरच ती लागू व्हावी. पैसा कामगारांसाठीच राहावा, मग तो कायम सेवक असो की हंगामी, की फडातला कोयतेवाला. मुदत एका हंगामाची असावी आणि पुढच्या सभेत पै-पैचा हिशेब मांडावा. कायद्याने जे बंधन घातले असेल ते पाळूनच हे करायचे. निबंधक कार्यालयाला विचारायचे तर आज विचारावे, कारण आज वेळ आहे.

आणि पहिला खर्च आजच करता येईल. सहकार कायद्यात २०१३ साली दुरुस्ती होऊन सभासदांबरोबर सेवकांच्या प्रशिक्षणाचीही जबाबदारी संस्थेवर आली आहे. बॉयलरवरचा, प्रयोगशाळेतला, शेतकी खात्यातला असे प्रत्येक खात्यातले दोघे-चौघे प्रथमोपचार आणि प्राणवायू हाताळणी शिकून ठेवू देत. साथ आली नाही तरी गव्हाणीत हात सापडलेल्या माणसाला त्यांचा उपयोग होईलच.

बंब आग लागण्याआधी भरून ठेवतात. येत्या वार्षिक सभेत हा ठराव सभासदांनीच मांडावा, अशी आमची विनंती आहे. दराचे बोलून झाले, की उठून जाऊ नका. त्या एका ओळीवरही हात वर करा.