दोन चौकोन

आष्टीसारख्या तालुक्याच्या गावात किराणा वा कापड दुकानाच्या गल्ल्यापाशी आता काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा एक चौकोन चिकटवलेला दिसतो. गिऱ्हाईक त्यासमोर मोबाइल धरते आणि रक्कम जमा होते. दुकानामागच्या घरात शाळकरी मुलाच्या दप्तरातील बालभारतीच्या पुस्तकातही तसाच चौकोन छापलेला असतो. पहिल्या चौकोनाचा उपयोग घरातील आजीलाही ठाऊक आहे. दुसऱ्यासमोर मोबाइल धरून पाहण्याची सवड मात्र अनेक घरांत वर्षभर कोणाला होत नाही.

पाठ्यपुस्तकातील या चौकोनामागे महाराष्ट्रातील एका शिक्षकाचे परिश्रम आहेत. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडी येथील जिल्हा परिषद शाळेचे रणजितसिंह डिसले यांनी आपल्या वर्गाच्या पुस्तकांना क्यूआर कोड जोडून त्यांतून कविता, चित्रफिती व स्वाध्याय मुलांपर्यंत पोहोचवले. मुलांची घरची भाषा कन्नड असल्याने ते स्वतः कन्नड शिकले, हे येथे विसरता येत नाही. पुढे ही पद्धत राज्याच्या पाठ्यपुस्तकांत आली. डिसेंबर २०२० मध्ये त्यांना दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार जाहीर झाला, तेव्हा त्यांनी निम्मी रक्कम अंतिम फेरीतील अन्य नऊ शिक्षकांना वाटून दिली.

आज पुस्तकातील कोड उघडला की ‘दीक्षा’ नावाच्या शासकीय मंचावर धडा दिसू लागतो. (जैन घरात हा शब्द उच्चारताच डोळ्यांसमोर निराळेच दृश्य उभे राहते, येथे ते केवळ एका इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांचे रूप आहे.) ५ सप्टेंबर २०१७ रोजी सुरू झालेल्या या मंचावर विद्यार्थ्यांप्रमाणे शिक्षकही शिकतात, प्राथमिक शिक्षकांचे ‘निष्ठा’ प्रशिक्षण ऑक्टोबर २०२० पासून त्यावरच ऑनलाइन झाले.

साधन आले म्हणजे शिक्षण आले काय, हा प्रश्न वर्धा जिल्ह्याला नवा नाही. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्धा येथील मारवाडी विद्यालयात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि त्यातून नई तालीमची योजना पुढे आली. डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने तिचा आराखडा तयार केला. त्या योजनेत तकली हे शिक्षणाचे साधन होते. मुलाच्या हातून सूत निघत असतानाच त्याचे गणित, भूगोल व इतिहास त्या सुताला जोडावा, असा तिचा आशय होता. नुसती तकली फिरवण्याने मूल भूगोल शिकत नसे. ते जोडून देणारा शिक्षक शेजारी लागे. तकलीच्या जागी आज मोबाइल आला असला तरी जोडून देणाऱ्याची गरज संपलेली नाही.

ही गरज ज्यांनी नीट ओळखली, असा एक उपक्रम मुंबईच्या आयआयटीत प्रा. कण्णन मौदगल्य यांच्या मार्गदर्शनाखाली उभा राहिला. ‘स्पोकन ट्युटोरियल’ हे त्याचे नाव. यातील प्रत्येक धडा सुमारे दहा मिनिटांचा असतो. संगणकाच्या पडद्याचे चित्रण तेच राहते, फक्त त्यावरचे बोलणे मराठीत वा अन्य भारतीय भाषेत केलेले असते. पडद्याच्या अर्ध्या भागात धडा आणि उरलेल्या अर्ध्यात प्रत्यक्ष काम, अशी मांडणी करून शिकणाऱ्याने एक कृती पाहावी, धडा थांबवावा, तीच कृती स्वतः करावी आणि मग पुढे जावे, अशी ही रीत आहे. धड्याची संहिता ध्वनिमुद्रणापूर्वी त्या विषयातील नवख्या माणसाकडून तपासून घेतली जाते. त्याला जे समजत नाही, ते दुरुस्त केले जाते. जाणकाराने नवख्याकडून आपले लिखाण तपासून घ्यावे, ही नम्रता दुर्मीळच म्हणावी लागेल. शिवाय हे धडे उतरवून घेऊन इंटरनेटशिवायही चालवता येतात आणि त्यांत शिकवलेल्या मोफत प्रणालींसाठी परवान्याचे पैसे पडत नाहीत. हिशेबाच्या तक्त्यांसाठी लागणारी ‘लिब्रेऑफिस कॅल्क’ त्यांपैकीच एक.

व्यापारी कुटुंबाला याचे प्रयोजन काय, असे कोणी विचारील. एके काळी पावकी, निमकी, सवायकी, दिडकी, अडीचकी पाठ करून मुलगा पेढीवर बसे आणि मुनीमजींच्या शेजारी बसून कीर्द-खतावणी शिके. चुकले की मुनीमजी बोट ठेवून दाखवीत. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि ही शेजारची जागा मोडली. विवरणपत्र भरणारा तालुक्याबाहेरचा सल्लागार, पासवर्ड त्याच्याकडे, बिले गठ्ठ्याने त्याच्याकडे. दुकानदाराकडे उरतो तो फक्त दर महिन्याच्या तारखेचा धसका. ई-इन्व्हॉइसची सक्ती ऑक्टोबर २०२० मध्ये पाचशे कोटींहून अधिक उलाढालीच्या व्यवसायांना होती. १ ऑगस्ट २०२३ पासून ती पाच कोटींहून अधिक उलाढालीवर आली. पाचशे कोटींचा आकडा आष्टीच्या बाजाराला परका होता. पाच कोटींचा आकडा मोठ्या घाऊक व्यापाऱ्याला परका राहिलेला नाही. सल्लागार ठेवण्यात गैर काही नाही, परंतु त्याने केलेले काम वाचताही येऊ नये, ही अवस्था व्यापाऱ्याला शोभणारी नाही.

ही उणीव भरून काढू शकेल अशी व्यक्ती पुष्कळदा घरातच असते. वाणिज्य शाखेची पदवी घेऊन आलेल्या सुनेचे प्रमाणपत्र कपाटात राहते आणि हिशेब दुकानात राहतो. केंद्र शासनाच्या ‘स्वयम्’ मंचावर लेखाकर्म, वित्त, व्यवस्थापन यांचे अभ्यासक्रम विनाशुल्क शिकता येतात. प्रमाणपत्र हवे असल्यास शुल्क भरून परीक्षा केंद्रावर द्यावी लागते. महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलामुलींसाठी २०२१ च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनी एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत श्रेयांक अशा अभ्यासक्रमांतून मिळवण्याची वाट खुली केली आहे. मात्र जगभरचा अनुभव असा की, नाव नोंदवणारे पुष्कळ आणि शेवटच्या आठवड्यापर्यंत टिकणारे थोडे. दुपारच्या जेवणानंतर मोबाइलवर पाहिलेला धडा झोपेत विरतो, हे सांगायला संशोधन नको.

म्हणून आरंभ लहान असावा. दुकान दुपारी थंड असते त्या वेळी घरातील एकाला तासभर मोकळा द्यावा आणि त्या तासात त्याला गल्ल्यावर हाक मारू नये. दुकानात हीच अट सर्वांत जड जाते. मागील वर्षाचा एकच महिना निवडून त्याची खरेदी-विक्रीची बिले कॅल्कमध्ये उतरवावीत, करांच्या बेरजा मांडाव्यात आणि त्या सल्लागाराने भरलेल्या विवरणपत्राशी ताडून पाहाव्यात. बेरजा जुळल्या तर उत्तम. न जुळल्या तर कोणते बिल कोणत्या महिन्यात धरले, कोणता परतीचा माल वजा व्हायचा राहिला, हे शोधावे लागेल. ते पडदा सांगणार नाही. तेव्हा तीस वर्षे वही लिहिलेल्या मुनीमजींनाच खुर्ची ओढून शेजारी बसवावे लागेल.