जमिनीची न नोंदलेली जिंदगी

जमिनीचा कागद पाहून जमिनीची किंमत करण्याची आपणां सर्वांस संवय आहे. सातबाऱ्याच्या उताऱ्यावर क्षेत्र किती, आकार किती, खातेदार कोण, बोजा कोणाचा, पीक कोणतें, विहीर आहे किंवा नाहीं, पड किती, हें सर्व लिहिलेलें असतें. महसूल खात्यांत कारकुनी करीत असतां असे हजारों उतारे माझ्या डोळ्यांखालून गेले. परंतु वरच्या सहा इंच मातींत जीव किती उरला आहे हें सांगणारा रकाना त्यांत कोठेंही नाहीं. ज्या गोष्टीची नोंद नाहीं ती नाहींशी झाली तरी तक्रार होत नाहीं. बांध कोरला तर भाऊ भावावर फिर्याद करतो; माती निर्जीव झाली तर कोणी कोणास विचारीत नाहीं. या जिंदगीचा हिशेब शेतकऱ्यानें स्वतः ठेविला पाहिजे, आणि तिची भरपाई जमिनीच्या धन्यानें केली पाहिजे, एवढें सांगण्यासाठीं हा लेख आहे.

पूर्वीच्या पाहणीदारांनीं माती पाहिलीच नव्हती असें नाहीं. इ. स. १८४७ मध्यें गोल्डस्मिड, विंगेट व डेव्हिडसन यांनीं मुंबई इलाख्याच्या पाहणीचे जे नियम ठरविले, त्यांत मातीची खोली, रंग व पोत पाहून आण्यांत प्रतबंदी करण्याची रीत होती. खोल, काळी व एकजीव जमीन सोळा आणे. ती उथळ व भरड होत जाईल तसतसे आणे कमी. चुनखड, वाळू, उतार किंवा पाणी साचणें असे दोष असतील तर आणखी खालची प्रत. परंतु खोली, रंग व पोत हीं सहजासहजीं न बदलणारीं लक्षणें होत. कुणब्यानें घातलेलें खत प्रतबंदींत धरीत नसत, आणि तें योग्यच होतें. रयतेनें स्वतःच्या श्रमानें केलेल्या सुधारणेवर जादा सारा बसूं नये, असें त्या पद्धतीचें तत्त्व होतें. अर्थात् सरकारनें जें मुद्दाम शेतकऱ्याच्या पदरीं सोडलें, तें सांभाळणें शेतकऱ्याचेंच कर्तव्य ठरतें.

आतां ही जिंदगी म्हणजे काय तें पाहूं. काडीकचरा व शेण मातींत कुजून जो काळसर अंश शिल्लक राहतो, तो मातीच्या कणांस एकमेकांशीं बांधून ठेवितो. त्यानें माती रवाळ होते, पाऊस तींत मुरतो, वाफसा लवकर येतो व ओल अधिक दिवस टिकते. त्याच अंशावर डोळ्यांस न दिसणारे असंख्य सूक्ष्म जीव जगतात व पिकास अन्न तयार करून देतात. गांडुळें हींही याच कुटुंबांतलीं. चार्लस डार्विन यांनीं इ. स. १८८१ च्या आपल्या ग्रंथांत असा अंदाज दिला कीं, इंग्लंडच्या पुष्कळ भागांत दर एकरीं दर वर्षीं दहा टनांहून अधिक माती गांडुळांच्या पोटांतून जाते. आपल्या कोरड्या देशाचा हिशेब निराळा येईल. परंतु पावसाळ्यांत ज्या शेतांत सकाळीं विष्ठेच्या बारीक गोळ्यांचे ढीग दिसतात, तेथें बैलावांचून व डिझेलावांचून नांगरट चालली आहे असें समजावें.

या जिंदगीचें मोजमाप करतां येतें. एका एकरांतील वरच्या सहा इंच मातीचें वजन ढोबळ मानानें ९ लाख किलो भरतें. माती परीक्षणांत सेंद्रिय कर्ब शेंकडा अर्ध्याहून कमी आला तर जमीन त्या बाबतींत कमी प्रतीची, व पाऊण टक्क्यावर गेला तर उत्तम, असें सामान्यतः मानतात. अर्धा टक्का म्हणजे एकरीं ४,५०० किलो कर्ब. तो एक दशांश टक्क्यानें वाढवावयाचा तर ९०० किलो कर्ब मातींत टिकून राहिला पाहिजे. आपण एकरीं ५ टन शेणखत घातलें, त्यांतील निम्मे पाणी वजा केलें व उरलेल्याचा पाव हिस्सा कर्ब धरला, तर सहाशें किलोच्या आसपास रक्कम जमेस येते. आणि त्यांतलाही बराच भाग पहिल्या एकदोन वर्षांत कुजून हवेंत जातो. शिवाय मशागत व ऊन यांनीं जुन्या शिलकींतून खर्च चालूच असतो. यावरून दोन गोष्टी उघड होतात. एका हंगामांत जमीन जिवंत करून देण्याच्या जाहिरातीवर विश्वास ठेवूं नये. आणि एक वर्ष खत टाकून चार वर्षें थांबणें म्हणजे भोंक पडलेल्या पोत्यांत धान्य भरणें होय.

खत पुरत नाहीं, गुरें राहिलीं नाहींत, ही सर्वांची तक्रार आहे व ती खोटी नाहीं. परंतु शेण कमी असतां खत वाढविण्याचा मार्ग याच भूमींत शोधला गेला आहे. इंदूर येथें आल्बर्ट हॉवर्ड व त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनीं शेतांतील टाकाऊ पदार्थांचे थर, शेण, गोमूत्राची माती व राख यांसह उथळ खड्ड्यांत रचून व मधून मधून चाळवून सुमारें तीन महिन्यांत खत तयार करण्याची रीत बसविली, आणि इ. स. १९३१ मध्यें ग्रंथरूपानें प्रसिद्ध केली. पुढें यवतमाळ जिल्ह्यांतील पुसदचे ना. दे. पांढरीपांडे यांनीं शेण आणखी कमी लागेल अशी हौदाची रीत काढली. त्यांच्या नांवाच्या आद्याक्षरांवरून तिला नाडेप म्हणतात. दहा फूट लांब, सहा फूट रुंद व तीन फूट उंच असा विटांचा हौद, भिंतींत हवेसाठीं भोंकें. आंत सुमारें १,४०० ते १,५०० किलो काडीकचरा, शेण अवघें ९० ते १०० किलो, चाळलेली माती सुमारें १,७५० किलो, आणि भरपूर पाणी. वरून शेणमातीनें लिंपावें. ढीग खचला कीं पुन्हां भरून लिंपावें व ओल सुकूं देऊं नये. तीनचार महिन्यांत न चाळवतां सुमारें ३ टन खत मिळतें. मजूर मिळत नाहीं म्हणून खत चाळवतां येत नाहीं, या अडचणीचें उत्तर यांत आहे.

गांडूळखताविषयीं मात्र थोडें स्पष्ट बोलणें जरूर आहे. आमच्या भागांत कांहीं ठिकाणीं अनुदानावर बांधलेले गांडुळांचे हौद आज जळण व रिकामीं पोतीं ठेवण्याच्या उपयोगी पडत आहेत. याचें कारण गांडुळें नव्हेत. हौद आधीं बांधला व रोजच्या कचऱ्याची व्यवस्था मागें राहिली, हें त्याचें कारण. गांडुळास पक्की इमारत लागत नाहीं. सावली, ओल व अर्धवट कुजलेलें खाद्य एवढें त्यास पुरें. तीन फूट रुंद व एक ते दीड फूट उंच गादी छपराखालीं घालावी. ताजें शेण तापतें व त्यांत गांडुळें मरतात. म्हणून शेण व कचरा पंधरावीस दिवस आधीं कुजवून, थंड झाल्यावरच गांडुळें सोडावीं. वर ओलें गोणपाट असावें. मुंग्या, उंदीर व कोंबड्या यांपासून राखण करावी. गादीभोंवतीं पाण्याची चर ठेविल्यास मुंग्या येत नाहींत. दीड ते दोन महिन्यांत खत तयार होतें. काढण्यापूर्वीं चारपांच दिवस पाणी बंद करून ढीग केला कीं गांडुळें ओलीच्या शोधांत तळाशीं जातात. वरचें खत चाळून घ्यावें, आणि चाळणींतला जाड गाळ व तळचीं गांडुळें पुढच्या गादीस विरजण म्हणून लावावीं. एकदां आणलेलें बीज असें वर्षानुवर्षें चालतें. दर वर्षीं नवीं गांडुळें विकत घेण्याचें कारण नाहीं.

येथें एक भेद ध्यानीं ठेवावा. गादींत वाढणारीं आयसेनिया फेटिडा किंवा युड्रिलस युजेनी या जातींचीं गांडुळें कचऱ्यांत राहणारीं आहेत. उघड्या, तापलेल्या शेतांत तीं सोडलीं तर फार काळ टिकत नाहींत. शेतांत खोल बिळें करणारीं गांडुळें निराळीं. तीं आपल्याच मातीचीं असतात, उन्हाळ्यांत खालीं जाऊन पडून राहतात व पाऊस पडतांच वर येतात. त्यांस विकत आणावें लागत नाहीं. हांकलून मात्र देऊं नये. शेतांत काडीकचरा जाळणें, जरूर नसतां वारंवार खोल नांगरट करणें, जमीन उघडी तापत ठेवणें, या गोष्टींनीं तीं नाहींशीं होतात. पालापाचोळ्याचें आच्छादन ठेविल्यास व खत मातींत गेल्यास तीं आपोआप वाढतात.

जाळण्याचा विषय निघाला म्हणून ऊसवाल्यांस दोन शब्द. ऊस तुटला कीं पाचटास कांडी लावणें ही रीत अजून पुष्कळ गांवीं चालू आहे. एका एकरांतून तीनचार टन पाचट निघतें. पेटविलें कीं त्यांतील कर्ब व नत्र बहुतेक धुराच्या वाटेनें जातात, व मागें चिमूटभर राख उरते. तेंच पाचट यंत्रानें बारीक करून सरींत पसरावें. दर टनास ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट व १ किलो पाचट कुजविणारें जिवाणूखत टाकून पाणी द्यावें, म्हणजे खोडव्याच्या उभ्या पिकांत तें कुजतें. खड्डा नको व वाहतूकही नको. कापूसवाल्यांच्या पऱ्हाट्या व सोयाबीनचें काड यांचाही असाच उपयोग आहे. पऱ्हाटी मात्र जाड व कठीण असल्यानें कुट्टी केल्यावांचून लवकर कुजत नाहीं.

वरच्या रीतींत युरियाचें नांव आलेलें पाहून कांहीं वाचक नाराज होतील. रासायनिक खत हातीं धरणें म्हणजेच पाप, असें सांगणारा एक पक्ष आहे. आणि शेणखतांत काय असतें, असें विचारणारा दुसरा. मला दोन्ही पक्ष अर्धाच हिशेब मांडणारे वाटतात. चांगल्या शेणखतांत नत्र शेंकडा अर्ध्याच्या आसपास. म्हणजे ५ टनांत सुमारें २५ किलो, आणि तेंही सगळें पहिल्या वर्षीं पिकास मिळत नाहीं. उसासारख्या खादाड पिकाची भूक एवढ्यानें भागणार नाहीं, हें कबूल केलें पाहिजे. परंतु पोत्यांतील खत पिकास अन्न देतें, मातीस घर देत नाहीं. निर्जीव मातींत टाकलेल्या खताचा बराच भाग पाण्याबरोबर वाहून जातो. म्हणून पोत्याचें खत माती परीक्षणाप्रमाणें बेतानें वापरावें, व सेंद्रिय खत दर वर्षीं न चुकतां द्यावें. सर्व शेतास पुरत नसेल तर चार भाग करून दर वर्षीं एका भागास भरपूर द्यावें. व उरलेल्या तीन भागांतील धसकटें व पालापाचोळा तरी बाहेर जाऊं देऊं नये.

सर्वांत मोठी अडचण खंडानें दिलेल्या जमिनीची आहे. मुलें शहरांत नोकरीस, घरीं वृद्ध मंडळी, म्हणून जमीन दुसऱ्यास लावून देणारे आपणांत पुष्कळ आहेत. कुळकायद्याच्या धास्तीनें हा व्यवहार बहुधा तोंडी व एका वर्षापुरता होतो. पुढच्या सालीं हें शेत आपल्याकडे राहील कीं नाहीं याची ज्यास खात्री नाहीं, त्यानें तीन वर्षांनीं फळ देणारें खत कां घालावें? तो पोत्यांचें खत देऊन पीक काढतो, काड विकतो, धसकटें जाळतो व निघून जातो. त्यास दोष देणें व्यर्थ आहे. खंडाची रक्कम मालकाच्या हातीं पूर्ण येते. परंतु त्या रकमेंत त्याच्याच मातीच्या शिलकींतील कांहीं भाग विकला गेलेला असतो, हें त्यास दिसत नाहीं. घर भाड्यानें दिलें तर कौलें शाकारण्याचा खर्च घरमालक करतो. त्याच न्यायानें जमीन खंडानें देणाऱ्यानें दर वर्षीं खताचा निम्मा खर्च तरी सोसावा किंवा खंडांत तेवढी सूट द्यावी, काडीकचरा न जाळण्याचें ठरवून घ्यावें, आणि चोख वागणाऱ्या मनुष्याकडेच जमीन पुढें चालूं ठेवावी. जी मालमत्ता मालकाची, तिची डागडुजी मालकाच्या खर्चानें होणें हाच सरळ व्यवहार आहे.

आपल्या सभासदांस माझी विनंति अशी आहे. प्रत्येकानें गट नंबरवार एक साधी वही घालावी. डाव्या बाजूस त्या शेतांतून काय काय बाहेर गेलें तें लिहावें : धान्य, ऊस, काड, पाला. उजव्या बाजूस काय परत आलें तें : खताच्या गाड्या, कुजविलेलें पाचट, हिरवळीचें खत. इ. स. २०१५ मध्यें सुरू झालेल्या मृद आरोग्य पत्रिकेंत सेंद्रिय कर्बाचा आंकडा असतो. तो दर तिसऱ्या वर्षीं, त्याच शेतांतून व त्याच महिन्यांत नमुना घेऊन तपासून आणावा व पत्रिका सातबाऱ्याच्याच फाइलींत लावावी. इ. स. २०२१ पासून ई-पीक पाहणींत आपण आपल्या पिकाची नोंद स्वतः करूं लागलों आहोंत. मग आपल्या मातीची नोंद करण्यास कोणाच्या हुकुमाची वाट पाहण्याचें कारण नाहीं. संस्थेनेंही कुट्टी यंत्र घेऊन तें सभासदांस माफक भाड्यानें फिरवावें. लहान खातेदारास तें एकट्यानें घेणें परवडत नाहीं.

वाटणीच्या वेळीं आपण मुलांस गट, गुंठे व विहिरींतील हिस्से तोडून देतों, व त्यावरून पिढ्यान् पिढ्या तंटे चालतात. त्या कागदांबरोबर ही वहीही त्यांच्या हातीं द्यावी. जमिनीच्या सोळा आण्यांपैकीं आपण किती आणे खर्चिले व किती परत भरले, हें त्यांस तींत वाचतां येईल, व पुढचा हिशेब कोठून सुरू करावयाचा तेंही समजेल.