अंग, काठ, पदर आणि तांदळाची पिशवी



भाताची कापणी तोंडावर आली. मुरबाड, शहापूर, भिवंडी, कल्याण या तालुक्यांतील बरीच घरे आणि महिला बचत गट हल्ली सगळे भात व्यापाऱ्याला घालीत नाहीत. थोडे गिरणीवर भरडून तांदूळ ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या गिऱ्हाइकाला थेट देतात. तांदूळ कसा पिकवावा यावर या सदरात पुष्कळ लिहून झाले. आज पिशवीच्या रंगांविषयी लिहितो. विषय शहरी वाटेल, पण त्यात आपला पैसा अडकलेला असतो.

एका बचत गटाची हकीकत सांगतो. डोंबिवलीच्या प्रदर्शनात त्यांचा तांदूळ दीड दिवसात संपला. पिशवीवर उगवता सूर्य, डोंगर, बैलजोडी, लोंब्या आणि लक्ष्मी अशी सात रंगांची चित्रे होती व त्यांच्या मध्ये तांबड्या पट्टीवर हिरव्या अक्षरांत गटाचे नाव होते. दोन महिन्यांनी गटाच्या अध्यक्ष ताई त्याच वसाहतीत गेल्या तेव्हा एक बाई म्हणाल्या, "तांदूळ फार छान होता हो, पण नाव काही आठवेना. मग वाण्याकडून कोलम आणला." गिऱ्हाईक रुसले नव्हते, त्याला फक्त सापडले नाही. एवढ्यावर वर्षाची विक्री गेली.

आणि वाण्याकडच्या त्या 'कोलम'चे काय सांगावे! वाड्याच्या कोलमला 2021 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. वाडा तालुका 2014 पर्यंत आपल्याच ठाणे जिल्ह्यात होता, आता पालघरमध्ये आहे. तरी दुकानात वाटेल त्या बारीक तांदळावर 'वाडा कोलम'ची पाटी दिसते. नाव कोणीही लिहितो. म्हणून ज्याचा माल खरा, त्याची खूण लांबून ओळखू आली पाहिजे.

ही खूण कशी करावी हे आपल्या बायकांना शिकवायला नको. इरकल लुगडे पाहा. हिरवे अंग, तांबडा काठ आणि पदरावर तांबड्याबरोबर पांढरा. रंग तीनच, तिन्ही ठसठशीत. पण तिन्हींना सारखी जागा नाही. अंग भरपूर, काठ बेताचा, पदर थोडका. पिशवीलाही हाच हिशेब लावावा. एक रंग जमिनीचा, दुसरा अक्षरांचा, तिसरा एखाद्या लहान खुणेचा. तिन्ही रंग सारख्या प्रमाणात पसरले की लुगड्याची गोधडी होते. प्रदर्शनात गाळ्यावर बसणाऱ्या भगिनींनी त्याच रंगांची लुगडी नेसली, टेबलावरचे कापडही तसेच घातले, तर खर्च काही नाही आणि गाळा गर्दीतून दिसतो.

रंगांची जोडी मात्र पारखून घ्यावी. कल्याण, ठाणे, डोंबिवली स्टेशनांच्या पाट्या पिवळ्या आणि अक्षरे काळी असतात. मुंबईची टॅक्सीही काळी-पिवळी. उजळ जमिनीवर गडद अक्षर लांबून, पावसातही वाचता येते. तांबड्यावर हिरवे अक्षर मात्र डोळ्यांपुढे लवलवते, कारण दोन्ही रंग सारखेच गडद. शिवाय काही माणसांना, विशेषतः पुरुषांना, तांबडा आणि हिरवा वेगळे ओळखता येत नाहीत. त्यांच्या लेखी त्या गटाची पट्टी कोरीच होती म्हणा ना!

छपाईचा खर्चही इथेच वाचतो. स्क्रीन छपाईत प्रत्येक रंगाला वेगळी चौकट लागते आणि प्रत्येक रंगाचा हात वेगळा फिरवावा लागतो. सात रंग म्हणजे सात चौकटी. पांढरी किंवा पिवळी पिशवी घेतली तर जमिनीचा रंग फुकट मिळतो, दोनच चौकटींत काम भागते. छपाईवाला आणखी एक रंग सुचवील. तो त्याचा धंदा आहे, त्यात त्याचे चुकत नाही. पण पैसे आपले जातात.

रंगांची हौस काटकसरीची असावी याचे उदाहरण आपल्या शेजारीच आहे. वारली समाजाच्या भगिनी गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चित्रे काढतात. पांढऱ्याखेरीज रंग नाही. डहाणूजवळच्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांना याच कलेसाठी 2011 मध्ये पद्मश्री मिळाली. मात्र पिशवीवर वारली चित्र हवे असेल तर ते वारली कलाकाराकडून काढून घ्यावे आणि त्याचे मोल द्यावे. कुठून तरी उतरवून घेणे म्हणजे आपण वाण्याच्या 'कोलम'सारखेच वागणे.

कायद्याची बाजू विसरू नये. पाकिटावर निव्वळ वजन, कमाल किंमत, भरल्याचा महिना व वर्ष, भरणाऱ्याचे नाव-पत्ता, तक्रारीसाठी संपर्क आणि अन्न नोंदणीचा क्रमांक छापावा. शाकाहारीची खूण, म्हणजे चौकटीतला हिरवा ठिपका, उठून दिसेल अशा जमिनीवर हवी. पिशवीच हिरवी असेल तर तो ठिपका गडप होतो. तिथे पांढरी जागा सोडावी. चौकोन कोनावर उभा करून त्यात तांबडा किंवा पिवळा रंग भरू नये. तशी खूण कीटकनाशकाच्या डब्यावर विषाची तीव्रता सांगण्यासाठी असते. आणि खताच्या रिकाम्या गोण्या, कितीही धुतल्या तरी, तांदळाला वापरू नयेत.

नमुना छापून आला की लगेच हजार पिशव्यांचा हुकूम देऊ नये. एक पिशवी भरून ओट्यावर उभी करावी आणि वीस पावलांवरून घरातल्या म्हाताऱ्या माणसाला नाव वाचायला सांगावे. एकदा उन्हात, एकदा रात्री दिव्याखाली. आजींना चष्म्याशिवाय वाचता आले तर छपाईवाल्याला होकार कळवावा.