दामदुपट कोणासाठी?

सावकार तेवढा पिळवणारा आणि बँक सभ्य, हा समज इतिहासाला धरून नाही. व्याज मुद्दलापलीकडे जाऊ नये, हा दामदुपटीचा नियम मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायातही आढळतो. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याने भंडाऱ्याच्या परवानाधारक सावकारालाही तीच मर्यादा घातली. बँका मात्र त्या कायद्याबाहेर.

अनेक क्रेडिट कार्डांवर थकबाकीस दरमहा साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ४२ टक्के व्याज पडते. सरळव्याजानेही ते २९ महिन्यांत मुद्दल ओलांडते. ‘किमान देय रक्कम’ (नावच किती सोज्वळ!) भरल्याने विलंबशुल्क टळते, व्याज नव्हे, उलट नव्या खरेदीवरील बिनव्याजी मुदतही जाते.

राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये घातलेली ३० टक्क्यांची मर्यादाही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केली. संपूर्ण बिल मुदतीत फेडणाऱ्यालाच आता हे कार्ड परवडते.