आकाश फक्त चाँदरातीपुरतं?

मागच्या मे महिन्यात अमावस्येच्या रात्री अंबड तालुक्यातल्या एका शेतात आम्ही पंचवीसेक जण जमलो होतो. एका हौशी आकाशनिरीक्षकाने १२ इंची दुर्बीण आणली होती. माझ्यासोबत उर्दू शाळेतल्या सहा मुली होत्या. त्यांच्या घरच्यांना पटवायला मला आठवडा लागला. दोघींच्या अम्मी सोबत यायला तयार झाल्या, तेव्हा कुठे बाकीच्यांनी होकार दिला.

दुर्बीण दक्षिणेला ओमेगा सेंटॉरीवर लावली. लाखो ताऱ्यांचा हा गुच्छ. त्याचा प्रकाश सुमारे १७ हजार वर्षांपूर्वी निघालेला. एक मुलगी डोळा न काढता म्हणाली, "मॅडम, सांडेली शक्कर सरका दिखताय." नंतर तिची अम्मी पुढे झाली आणि बराच वेळ हटलीच नाही.

ईशान्येला अभिजित वर आला होता. त्याचं इंग्रजी नाव 'व्हेगा' अरबी 'वाकी'वरून आलंय, श्रवणाचं 'अल्टेअर' हे 'अत-ताइर'वरून, हे मी सांगितलं. मुली खूश झाल्या. मला मात्र थोडं अपराधी वाटलं. नावं आपली, पण बघणारे कुठे आहेत?

अल-सूफीने इ. स. ९६४ च्या ग्रंथात देवयानीतल्या अंधुक ढगाची नोंद केली, ती आकाश पाहून. समरकंदच्या उलुग बेगने हजारावर ताऱ्यांची स्थानं नोंदवली. पुढे सवाई जयसिंहांनी त्याच्या कोष्टकांचा अभ्यास केला, पण तेवढ्यावर न थांबता स्वतः वेध घेतले. त्यांच्या फारसी ग्रंथाला बादशहा मुहम्मद शाहचं नाव आहे. ज्ञान असं धर्म न विचारता पुढे जात होतं.

आपण रमजान आणि ईदच्या चंद्रासाठी मान वर करतो. आता तेही व्हॉट्सअॅपवर भागतं. चंद्र दिसला की नाही यावर वाद घालणाऱ्या किती जणांना चित्रा किंवा स्वाती ओळखता येते? कुरआन तर आकाशाकडे पाहून विचार करायला वारंवार सांगतो.

दुर्बीण महाग आहे, मान्य. पण सुरुवातीला डोळे पुरतात. दर महिन्याच्या २९ तारखेला मगरिबनंतर शाळेच्या गच्चीवर मुलांना न्या. चंद्र दिसला तर उत्तम, नाही दिसला तर अंधारात तारे अधिक स्पष्ट दिसतील. आणि मुलींना घरी ठेवू नका. त्यांच्या अम्मींनाही सोबत बोलवा.